नोलीनच्या गाडीतला पंप

हवा कोणाच्या मालकीची नसते. ऊन, पाऊस आणि हवा देवाने सगळ्यांना सारखी वाटून दिली आहे, असं विंडाराच्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा येणारा पाद्री सांगत असे आणि आम्ही माना डोलवत असू. पाऊस तीन वर्षं कोणालाच मिळाला नव्हता, त्यामुळे तिथली वाटणी खरंच सारखी होती. हवा मात्र मर्व्ह टूहिगच्या मालकीची होती आणि त्याच्या शेडमध्ये असे.

शेड पत्र्याची. आत एका मेलेल्या ट्रॅक्टरचं जिवंत इंजिन, आणि त्याला पट्ट्याने जोडलेला, गाभण गाईएवढा कॉम्प्रेसर. तो मर्व्हच्या बापाने आणलेला. विंडारा गावापासून पश्चिमेला एकशेदहा किलोमीटरवर मर्व्हचं रान, आणि तिथून कुठल्याही दिशेला साठ किलोमीटर गेलं तरी दुसरा कॉम्प्रेसर नव्हता.

आमच्याकडे पाऊस गेला की गवत जातं, आणि गवत गेलं की मल्गाची झाडं पाडून मेंढ्यांना पाला घालावा लागतो. त्यासाठी रानात गाडी घातली की त्याच मल्गाची सुकलेली खुंटं टायरात घुसतात. पेन्सिलीएवढी जाड आणि दिसायला अगदी निरुपद्रवी. त्या वर्षी घरटी दिवसाला दोन पंक्चर, असा हिशेब चालला होता. लोक आठवड्याची चाकं गाडीत रचून मर्व्हकडे यायचे.

मर्व्ह घाई करायचा नाही. आधी चाकाभोवती एक फेरी. मग दोन लोखंडी टॉम्या घालून टायर रिमवरून उतरवणं, ट्यूब बाहेर काढून पाण्याच्या टाकीत दाबणं, बुडबुड्याकडे बोट दाखवणं. "हे बघ. इथून." जणू समोरच्या माणसाच्या चारित्र्यातलंच भोक सापडलंय. मग ट्यूब घासता घासता भाषण. घासणं म्हणजेच नव्वद टक्के काम, आजकालच्या लोकांना घासायचा कंटाळा, ठिगळ लावतात आणि देवावर सोडतात. सगळ्यात शेवटी इंजिन सुरू व्हायचं, शेड थरथरायची, आणि मर्व्ह नळी हातात घेऊन हवा द्यायचा. हे सगळं होईपर्यंत त्याची बायको नोलीन स्वयंपाकघरातून चहा आणि फळांचा केक पाठवायची. तीन वर्षांत तिने किती केक केले असतील ते तिलाच ठाऊक. कोणी विचारलं नाही.

नोलीनकडे तिची स्वतःची गाडी होती. पांढरी, लांब पाठीची, एसीवाली. तिच्या मावशीमागे तिला मिळालेली. मर्व्ह त्या गाडीत बसत नसे. एसीने माणूस आतून मऊ होतो असं त्याचं म्हणणं. दर रविवारी दुपारी, शेडमध्ये चाकांची गर्दी असताना, नोलीन पुस्तक घेऊन घरामागच्या मोठ्या झाडाखाली त्या गाडीत जाऊन बसायची. मर्व्ह आलेल्या लोकांना तिकडे टॉमीने दाखवायचा. "आमच्या राणीसाहेब. गारव्यात बसल्यात." लोक हसायचे. बाहेर पंचेचाळीस डिग्री असायचे.

क्लॅरी स्ट्रिक हा मर्व्हचा उत्तरेचा शेजारी. एकेचाळीस वर्षांचा, एकटा, किनाऱ्याकडून आलेला. इथे येऊन त्याला नऊच वर्षं झाली होती, म्हणजे नवाच. आमच्याकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो आणि ऊन एप्रिलपर्यंत टिकतं. फेब्रुवारीत एकदा तो तीन चाकं घेऊन आला, भाषण पूर्ण ऐकलं, केक खाल्ला आणि निघताना म्हणाला, "मर्व्ह, तुझ्या उकिरड्यावर ती जुनी फोर्ड पडलीय ना, तिचा एसीचा पंप घेऊ का?"

"काय करणार? मेंढ्यांना गार हवा?"

"गाडीला लावून बघतो. हवा भरता येईल असं वाटतं."

मर्व्हने टॉमी खाली ठेवली आणि पोट धरून हसला. "घे की! पंप घे, सीट घे, आख्खी गाडी घे. आणि मेंढ्या उडायला लागल्या की मला कळव."

त्या संध्याकाळी त्याने ही गंमत रेडिओवर सांगितली. रेडिओ म्हणजे आमच्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरात आणि गाडीत असतो तो, बोलायचा. सगळ्यांचा एकच चॅनल. एकाने दुसऱ्याला हाक मारली की चौदा घरं हातातलं काम थांबवून ऐकतात, आणि आपण ऐकत नव्हतो अशी वागतात. तीन दिवस सगळे क्लॅरीवर हसले. क्लॅरीही हसला. चौथ्या दिवशी दुपारी मर्व्ह रानात करवत चालवत होता. साखळीला तेल घालायला त्याने करवत थांबवली, तेव्हा गाडीतल्या रेडिओवर एल्सा ब्रॉड्रिकचा आवाज आला. एल्सा म्हणजे दक्षिणेकडची विधवा, सत्तर वर्षांची, सहा हजार मेंढ्या, आणि घोगरा आवाज.

"क्लॅरी, मी दुसऱ्या बोअरपाशी बसलेय. मागचं चाक गेलं. हवा आहे का रे तुझ्याकडे?"

"आहे," क्लॅरी म्हणाला. "तासाभरात येतो."

बास, एवढंच. मर्व्ह तेलाचा डबा हातात धरून उभा राहिला. एल्सा ब्रॉड्रिकने गेल्या तीस वर्षांत हवेसाठी दुसऱ्या कोणाला हाक मारली नव्हती. मेंढ्या पाडलेल्या झाडाभोवती जमून पाला ओरबाडत होत्या, त्यातल्या दोन-चार त्याच्याकडे बघत होत्या. त्याने तेल घातलं, बरंचसं बुटावर.

त्यानंतर महिनाभर रेडिओवर रोज तेच. क्लॅरी, हवा आहे का? क्लॅरी, येताना जमेल का? क्लॅरी, मी मेलबॉक्सपाशी ठेवतो चाक. आणि क्लॅरीचं ते एका शब्दाचं उत्तर. मर्व्हच्या शेडमध्ये रविवारी दोन चाकं आली, पुढच्या रविवारी एक. पाण्याच्या टाकीत मेलेल्या पाली तरंगू लागल्या. मर्व्ह स्वयंपाकघरातला रेडिओ मोठा करून त्याच्यासमोर जेवायला बसे.

"बारीक कर तो," नोलीन म्हणायची.

"ऐकत कोण आहे?" मर्व्ह म्हणायचा आणि आणखी थोडा मोठा करायचा.

मार्चमध्ये नोलीन विंडाराहून परतली ती हसत.

"वाटेत पंक्चर झालं. नदीच्या पात्राजवळ."

"मग?" मर्व्ह उठून उभा राहिला. "जॅक नीट लावलास ना? वाळूत फळी घालायची असते, मी सांगितलं होतं."

"मला काही करावंच लागलं नाही. क्लॅरी येत होता मागून. त्याने ठिगळ लावलं, बॉनेट उघडलं, नळी लावली, झालं. सात मिनिटं."

"काय सात मिनिटं?"

"हवा भरायला. मी घड्याळ बघितलं."

"घड्याळ का बघितलंस?"

"समोर होतं म्हणून."

मर्व्ह खाली बसला. मग म्हणाला, "ट्यूब घासली का त्याने?"

"घासली असेल."

"असेल म्हणजे? बघितलं नाहीस? घड्याळ बघितलंस."

नोलीनने पिशव्या रिकाम्या करायला घेतल्या. मर्व्ह बाहेर गेला आणि तिच्या गाडीचं मागचं डावं चाक वाकून बघितलं. मीटर लावला. बरोबर छत्तीस पौंड. याचं त्याला फार वाईट वाटलं. त्याने व्हॉल्व्ह दाबून दोन पौंड सोडून दिले आणि घरात येऊन सांगितलं की चौतीसच होते.

मर्व्ह अठ्ठावन्न वर्षांचा होता. सांगायचं कारण, त्यानंतरच्या आठवड्यात रानात त्याच्याच गाडीचा पुढचा टायर गेला आणि शेड अठरा किलोमीटर लांब होती. सुटं चाक आधीच फुटलेलं. त्याने टायर उतरवला, ठिगळ लावलं, आणि सीटमागचा हातपंप काढला. हातपंपाने त्या टायरात छत्तीस पौंड भरायचे म्हणजे पाचशे हात. दोनशे झाल्यावर त्याने शर्ट काढला. अडीचशेला कमरेत कळ आली. माश्या पाठीवर आणि डोळ्यांच्या कडांना बसल्या होत्या, त्यांना हाकलायला हात मोकळा नव्हता. तेवढ्यात झाडीतून धूळ उठली आणि क्लॅरीची गाडी आली. कुंपण बघायला निघाला होता.

"काय मर्व्ह, हवा देऊ का?"

"नको."

"नळी काढायची फक्त. दोन मिनिटं."

"व्यायाम करतोय," मर्व्ह म्हणाला. "डॉक्टरने सांगितलाय."

क्लॅरीने त्याच्या उघड्या, पांढऱ्या, घाम निथळणाऱ्या पोटाकडे क्षणभर बघितलं. "बरं," तो म्हणाला, आणि शहाण्यासारखा निघून गेला. पण तोवर मर्व्ह मोजलेले हात विसरला होता. त्याने पहिल्यापासून मोजायला घेतले.

त्या रात्री रेडिओवर याबद्दल एक शब्द आला नाही. क्लॅरीने कोणाला सांगितलं नव्हतं. मर्व्हला तेही खटकलं. चांगुलपणा दाखवतो, त्याने नोलीनला ऐकवलं.

एप्रिलमध्ये लोकर कातरायला टोळी येते. त्याआधी मेंढ्या रानातून गोळा करून वाड्यात आणायच्या, आणि हे काम एकट्याचं नव्हे. एल्साच्या रानात सगळे जातात, मग सगळे दुसऱ्याकडे, असं फिरत फिरत. पुढे मोटरसायकली आणि कुत्री, दोन बाजूंना गाड्या, आणि सगळ्यात मागे एक गाडी, तिला आम्ही शेपूट म्हणतो. शेपटात पाणी, चहाचं सामान आणि सुटी चाकं असतात. मागे राहिलेली थकलेली मेंढी शेपूटवाला उचलून गाडीत टाकतो. चहाला कधी थांबायचं ते तो ठरवतो, आणि वाड्याच्या फाटकाशी उभं राहून मेंढ्या तोच मोजतो. तो म्हणेल तो आकडा. सतरा वर्षं एल्साच्या शेपटाला मर्व्हची गाडी होती. त्याआधी त्याच्या बापाची.

सोमवारी संध्याकाळी एल्सा रेडिओवर आली. "शनिवारी उजाडताना निघू. क्लॅरी, तू शेपटाला राहा. रान खुंटांनी भरलंय, चाकं बसणारच. तुझ्याजवळ हवा आहे."

चौदा घरांत चमचे थांबले. मर्व्हने रेडिओचा माइक उचलला.

"एल्सा, मर्व्ह बोलतोय."

"बोल मर्व्ह."

"हवा माझ्याकडेपण आहे."

"अरे तुझी शेडमध्ये आहे. शेड आणणारेस का ओढत?"

कोणीतरी मध्येच बटण दाबून हसलं, कोण ते कळलं नाही.

"गाडीवर," मर्व्ह म्हणाला. "गाडीवरच बसवतोय मी. शनिवारपर्यंत होईल."

रेडिओ थोडा खरखरला. "बरं," एल्सा म्हणाली. "हवा असेल तर तू शेपूट. नसेल तर क्लॅरी. मला माझ्या मेंढ्या आत आल्याशी मतलब."

मर्व्हने माइक ठेवला. नोलीन बटाटे सोलत होती. "केव्हापासून बसवतोयस?" तिने विचारलं.

"आत्तापासून."

मंगळवारी सकाळी तो उकिरड्यावर गेला. तिथे फोर्डचा सांगाडा होता, पंपाच्या जागी चार मोकळी भोकं होती, आणि भोकांभोवती ग्रीस स्वच्छ पुसलेलं होतं. क्लॅरीने निघताना पुसलं असणार. दुसरी कुठलीच गाडी एसीवाली नव्हती. टूहिगांच्या घराण्यात ती पद्धतच नव्हती. मर्व्हने उन्हात उभं राहून विचार केला. विंडाराच्या गॅरेजवाल्याकडून पंप यायला दोन आठवडे. शिवाय गॅरेजवाल्याच्या बायकोकडेही रेडिओ होता.

क्लॅरीला विचारलं असतं तर त्याने एका दुपारी सगळं समजावून सांगितलं असतं. ते मर्व्हला माहीत होतं आणि म्हणूनच ते शक्य नव्हतं.

दुपारी तो जेवायला आला तो टोपी हातात घेऊन. टोपी तो चर्चमध्ये आणि दफनाच्या वेळी काढत असे.

"नोलीन."

"हं."

"तुझ्या गाडीत एक पंप आहे. एसीचा."

"असेल."

"तो मला लागतोय. शनिवारपुरता नाही, म्हणजे... कायमचाच. तुझी गार हवा जाईल त्याने. मला माहितेय तुला ती किती—"

"घे," नोलीन म्हणाली.

मर्व्ह थांबला. त्याने निदान अर्ध्या तासाचं बोलणं मनात तयार करून आणलं होतं. "अगं, उन्हाळा अजून संपला नाही."

"माहितेय. तुला पाहिजे तर घे. मला काय."

तिने त्याच्यापुढे थंड मटण आणि चटणी ठेवली. मर्व्ह जेवताना तिच्याकडे दोनतीनदा बघत राहिला. चौतीस वर्षांत त्याला आपली बायको एवढी मोठ्या मनाची वाटली नव्हती. क्लॅरीचा पंप भंगारातला. क्लॅरीला कोण देणार होतं? जेवण झाल्यावर त्याने रेडिओवर, कोणी विचारलेलं नसताना, सांगून टाकलं की नोलीनने स्वतःच्या गाडीतला पंप काढून दिलाय, आपण होऊन. "बिचारीने एसी सोडला माझ्यासाठी."

"शाबास नोलीन," एल्सा म्हणाली. नोलीन तेव्हा बाहेर कपडे वाळत घालत होती.

पंप काढायला फार वेळ लागला नाही. आत गॅस असतो, नळी सोडताना तो जोरात उडतो, डोळे सांभाळा, एवढं मर्व्ह ऐकून होता. त्याने वेल्डिंगचा चष्मा लावला, तोंड फिरवलं, हात लांब केला आणि नट सोडला. काही उडालं नाही. फुस्ससुद्धा झालं नाही. सफाईदार हात असला की असं होतं, असं त्याला वाटलं.

पुढचे तीन दिवस मर्व्हच्या मेंढ्यांना पाला कमी पडला. सकाळी तो एकदोन झाडं पाडून यायचा आणि शेडमध्ये शिरायचा. जुन्या फाटकाच्या बिजागरीची पट्टी कापून त्याने बैठक केली, ती दोनदा चुकली. इंजिनावर पंप नीट सरळ रेषेत बसला नाही की पट्टा घसरतो, म्हणून बॉनेटखाली डोकं घालून तो डोळा मिटून नेम धरत बसायचा. कोपरं भाजली, अंगठ्याचं नख गेलं. आग विझवायच्या एका रिकाम्या नळकांड्याची त्याने टाकी केली. पंपाला वेगळा पट्टा लावायला जागा उरली नाही, म्हणून इंजिनाला पाणी फिरवणाऱ्या पट्ट्याच्या जागी थोडा लांब पट्टा घालून तोच पंपावरून नेला. पंपात तेल घालायचं असेल तर कुठून घालायचं, हे बघायला त्याने तो उलटसुलट फिरवला. झाकण कुठेच दिसलं नाही. म्हणजे कारखान्यातूनच भरून येत असणार, चांगली वस्तू आहे.

गुरुवारी संध्याकाळी त्याने इंजिन सुरू केलं आणि पंप जोडणारं बटण दाबलं. पट्टा एकदा किंचाळला, मग सरळ झाला. काटा चढायला लागला. मर्व्हने एक रिकामं चाक घेतलं, नळी लावली आणि घड्याळाकडे बघत बसला.

"नोलीन!" तो ओरडला. "अगं ए नोलीन! सहा मिनिटं!"

ती दारात आली, हात पुसत. "काय?"

"सहा! त्याला सात लागली होती ना? मला सहा!"

"पंपातून वास येतोय," नोलीन म्हणाली.

"नवीन आहे म्हणून. रंग जळतो पहिल्यांदा."

पंप तसा नवीन नव्हता, पण हे तिने काढलं नाही. मर्व्हने हात जवळ नेला आणि झटकन मागे घेतला. भाकरी भाजता आली असती इतका तो तापला होता. त्याने बॉनेट बंद केलं आणि रेडिओवर एकच शब्द सांगितला. "सहा." काय सहा ते कोणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

"भारी आहे," क्लॅरीचा आवाज आला. "माझ्याहून मोठा दिसतो पंप. तेलाचं काय केलंस रे, मर्व्ह?"

"केलंय," मर्व्ह म्हणाला, आणि माइक जागेवर टांगला.

शनिवारी उजाडताना एल्साच्या बोअरपाशी सगळे जमले. थंडावा होता, कुत्री गाड्यांच्या चाकांवर मुतत होती. एल्साने गाड्यांकडे बघितलं, मर्व्हच्या बॉनेटमधून बाहेर आलेल्या लाल नळीकडे बघितलं. "मर्व्ह शेपूट," ती म्हणाली.

मर्व्हने क्लॅरीकडे बघितलं. क्लॅरी चहाच्या मगमध्ये बिस्कीट बुडवत होता. "चालेल की," तो म्हणाला. "मी पुढे जातो. पुढे धूळ नसते."

या उत्तराने मर्व्हची सकाळ थोडी नासली. त्याला निदान चेहरा पडलेला बघायचा होता.

नऊपर्यंत अठराशे मेंढ्या एका कळपात आल्या होत्या. मर्व्ह मागून, त्यांच्या धुळीतून, पहिल्या गिअरमध्ये. दोन थकलेल्या मेंढ्या त्याने उचलून गाडीत टाकल्या. साडेनऊला एका मोटरसायकलचा टायर गेला. मर्व्हने तो एका मिनिटात भरला आणि नळी गुंडाळताना पुढे कोणी बघतंय का ते पाहिलं. दहाला त्याने चहाची वेळ झाल्याचं जाहीर केलं, गरज नसताना, कारण त्याला अधिकार होता.

चहानंतर एल्साच्याच गाडीचं मागचं चाक बसलं. मोठं चाक, वजन वाहणारं. मेंढ्या थांबवल्या, माणसं सावलीला येऊन उभी राहिली. फक्त क्लॅरी पुढे कळपाचं तोंड धरून होता, दीड किलोमीटरवर. मर्व्हने ठिगळ लावलं. घासताना भाषणही केलं. बऱ्याच दिवसांनी ऐकणारी माणसं सापडली होती. मग नळी लावली, इंजिन सुरू केलं, बटण दाबलं.

"बघा घड्याळ," तो म्हणाला.

पहिलं मिनिट, दुसरं. काटा अठरावर आला. चौथ्या मिनिटाला पंपातून बारीक रडल्यासारखा आवाज आला. मर्व्ह मोठ्याने बोलायला लागला, पावसाबद्दल. आवाज चढत गेला, एकदम कर्कश झाला, बॉनेटच्या फटींतून काळा धूर आला, रबर जळल्याचा वास आला आणि फाडकन काहीतरी तुटलं. मग इंजिन नुसतंच चालत राहिलं, आणि पाणी उकळून रेडिएटरमधून वर उडालं. मेंढ्या दचकून पन्नास पावलं पांगल्या. कुत्र्यांना त्या परत आणायला दहा मिनिटं लागली.

एल्साने बॉनेटखाली वाकून बघितलं. पट्टा दोन जागी तुटून लोंबत होता. पंप निळसर पडला होता. "पाणी फिरवायचा पट्टापण हाच?"

"हो."

"म्हणजे तुझी गाडीपण गेली."

मर्व्हने हात पुसले. आधीच पुसलेले हात परत पुसले.

"क्लॅरीला तू बोलावतोस का मी बोलवू?" एल्साने विचारलं. तिने ते हळू विचारलं, हेच वाईट होतं.

मर्व्ह तिच्या गाडीत बसला, माइक घेतला. बटण दाबलं, सोडलं, परत दाबलं. त्याला ठाऊक होतं की या क्षणी स्वयंपाकघरांतल्या सगळ्या बायका, टोळीचा स्वयंपाकी, गॅरेजवाल्याची बायको, आणि घरी नोलीन, सगळे गप्प आहेत.

"क्लॅरी."

"बोल मर्व्ह."

"हवा आहे का तुझ्याकडे?"

"आहे," क्लॅरी म्हणाला.

तो आला. एल्साच्या चाकात उरलेली हवा भरली, किती वेळात ते कोणी बघितलं नाही. मर्व्हची गाडी त्याने साखळीने आपल्या गाडीमागे बांधली. वाड्यापर्यंतचे चौदा किलोमीटर मर्व्ह बंद इंजिनाच्या गाडीत स्टिअरिंग धरून बसला होता. काच वर घेतली तर उकडून जीव जात होता, खाली केली तर क्लॅरीच्या चाकांची धूळ थेट तोंडात. त्याने खाली केली. मागच्या दोन मेंढ्या त्याच्या मानेवर श्वास सोडत होत्या. फाटकाशी त्या दिवशी मेंढ्या क्लॅरीने मोजल्या. आकडा बरोबर आला.

संध्याकाळी, टोळीवाले आंघोळीला गेल्यावर, क्लॅरीने मर्व्हच्या गाडीतला पंप काढला आणि त्याचा दांडा हाताने फिरवून बघितला. हलला नाही.

"कोरडा ठणठणीत," तो म्हणाला. "तेल कुठलं घातलंस?"

"त्यात असतंच ना."

"माझ्यात असतं. तो जुना, त्याच्या पोटात तेलाची जागा आहे. या नव्यांना तशी जागा नसते, यांचं तेल गॅसबरोबर फिरतं. तू गॅस सोडलास तेव्हा जोरात उडाला असेल ना, त्याच्याबरोबर गेलं बरंचसं."

"काही उडालं नाही," मर्व्ह म्हणाला, थोडा अभिमान अजून शिल्लक होता. "फुस्ससुद्धा नाही."

क्लॅरीने पंप खाली ठेवला. "मग गॅस नव्हताच त्यात."

"असं कसं? नोलीन दर रविवारी बसते एसी लावून."

क्लॅरी त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने पाना उचलून खिशात घातला आणि म्हणाला, "चल, घरी सोडतो तुला."

क्लॅरी फाटकापाशीच थांबला, आत आला नाही.

नोलीन चुलीपाशी मटणाचे चॉप तळत होती. रेडिओ बंद होता, तारसुद्धा काढून ठेवलेली. मर्व्ह टेबलाशी बसला. त्याच्या भुवया धुळीने लाल झाल्या होत्या.

"गाडीचा एसी चालत होता ना?" त्याने विचारलं.

"नाही."

"कधीपासून?"

"मागच्याच्या मागच्या नाताळापासून."

तेल चरचरलं. मर्व्हने टोपी काढली, टेबलावर ठेवली. "मग रविवारी त्या गाडीत बसून करतेस काय?"

"दारं उघडी टाकते आणि वाचते. तिथे रेडिओ ऐकू येत नाही."

"अगं पण मला सांगायचं नाही? मी काय, मी बघितलं असतं की काय झालंय ते."

नोलीनने चॉप उलटवले, एकेक करून, चारही.

"सांगितलं होतं," ती म्हणाली.

सांगितलं होतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी, याच टेबलाशी. मर्व्ह म्हणाला होता, काच खाली कर.